फुकट मिळालेल्या मालालाही धनी असतो

गेल्या महिन्यात एका कामानिमित्त शिरगावला जाणे झाले. सोमाटणे फाट्यावरून आत वळलो तो गुरुवार होता. प्रति शिर्डीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची रांग दूरवर लागलेली, हारफुलांची आणि पेढ्यांची दुकाने गजबजलेली. याच परिसरात आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे छोटेसे दुकान आहे. वडिलांचे आयुष्य गॅरेजमध्ये गेले. मुलगा संगणक शिकला. पुढच्या बाजूला झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचे काम चालते. मागच्या खोलीत बसून तो गॅरेजवाले, बेकरीवाले आणि हार्डवेअरचे दुकानदार यांच्यासाठी बिल करण्याचे सॉफ्टवेअर बनवतो. मराठीतही बिल निघते, उर्दूतही निघते. तळेगाव, वडगाव, कामशेत आणि लोणावळा मिळून तीसएक दुकानांत त्याचा प्रोग्रॅम चालतो. आपल्या समाजातला एखादा मुलगा नोकरीसाठी हिंजवडीची वाट न धरता स्वतःचा माल तयार करतो, याचे आम्हास कौतुक होते आणि आजही आहे.

परंतु त्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला होता. झाले होते ते असे. एका मोठ्या कंपनीला हा प्रोग्रॅम आपल्या सर्व वितरकांना द्यायचा होता. दर ठरला, दुकानांची संख्या ठरली. मग कंपनीकडून एक साधा कागद आला: तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांनी बनवलेले कोणकोणते घटक आहेत आणि प्रत्येकाचा परवाना कोणता, याची यादी द्या. मुलाने यादी करायला घेतली, तेव्हा त्याला प्रथमच कळले की आपल्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यांचे नऊ घटक आहेत. हिशेब साठवणारा घटक, बिलाची पीडीएफ करणारा, बारकोड काढणारा, मराठी अक्षरे, उर्दू अक्षरे, बटणांवरची चित्रे, आणि असेच काही. सगळे इंटरनेटवरून फुकट घेतलेले. त्यांपैकी तिघांची कागदपत्रे त्याच्याजवळ नव्हतीच. एकाची अट अशी होती की हा घटक ज्या प्रोग्रॅममध्ये मिसळाल, त्या संपूर्ण प्रोग्रॅमचा सोर्स कोड गिऱ्हाइकाला द्यावा लागेल. कंपनीने आठ दिवस वाट पाहिली आणि काम दुसऱ्याला दिले.

"चाचा, फुकट म्हणून लिहिले होते ना!" तो म्हणाला. आम्ही त्याला लगेच काही उत्तर देऊ शकलो नाही. कारण ज्या काळात आम्ही स्वतः मजकूर जुळवत होतो, त्या काळात कोणत्या अक्षरांवर आमची पाने छापली जात होती आणि ती अक्षरे आमच्या संगणकावर कोणत्या हक्काने आली होती, हे आम्ही कधी विचारले नव्हते. कुणीतरी डिस्क आणून दिली, आम्ही वापरली. तेव्हा हा लेख केवळ त्या मुलासाठी नाही. तो आमच्यासाठी आणि आमच्या सर्वच व्यापारी व कारागीर बांधवांसाठी आहे.

मुक्त म्हणजे बेवारस नव्हे

पहिली गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ज्याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात, ते बेवारस सॉफ्टवेअर नव्हे. रस्त्यावर पडलेली वस्तू वेगळी आणि धन्याने आपणहून दाराबाहेर ठेवलेला पाण्याचा माठ वेगळा. माठातले पाणी कुणीही प्यावे. पण माठ उचलून घरी नेऊ नये आणि त्याच पाण्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून विकू नये, एवढे शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र ते लिहून सांगितलेले असते. त्या लिखाणालाच परवाना म्हणतात.

ही चळवळ अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केली. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो वाचता यावा, दुरुस्त करता यावा आणि दुसऱ्याला देता यावा, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी कॉपीराइटचा हक्क सोडून दिला नाही. उलट त्याच हक्काच्या आधारावर जीपीएल नावाचा परवाना तयार केला. त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. लिनक्स ही प्रणाली याच परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली जगभर पसरली. म्हणजे देणाऱ्याने हक्क राखून ठेवला आहे आणि काही अटींवर वापरायची मुभा दिली आहे. अट पाळली तर मुभा. अट मोडली तर मुभा संपली आणि मागे उरली ती विनापरवाना नक्कल.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करू. जीपीएलचा माल विकता येत नाही, असे अनेकजण समजतात. तसे नाही. तो कितीही किमतीला विकता येतो. फक्त विकताना गिऱ्हाइकाचा जो हक्क आहे, तो त्याच्यापासून लपवता येत नाही.

पिठातले खमीर आणि टेबलावरची मस्क्याची वाटी

परवाने शेकडो आहेत. परंतु कारागिराच्या दृष्टीने त्यांचे चार-पाच प्रकार ओळखता आले तरी पुरे. बेकरीचा धंदा आपल्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ.

पहिला प्रकार एमआयटी, बीएसडी आणि अपाची या परवान्यांचा. हा शेजाऱ्याने दिलेल्या वेलचीसारखा आहे. तुमच्या नानखटाईत घाला, विका, पाककृती कुणाला सांगू नका, हरकत नाही. अट एवढीच की ज्याने दिले त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर तुमच्या मालाबरोबर जपून पुढे द्या. अपाची परवान्यात पेटंटविषयीचे कलम आहे आणि सूचनेची फाइल असल्यास तीही पुढे द्यावी लागते. अट लहान आहे. तरीही सर्वांत जास्त मोडली जाते ती हीच, असे आमचे मत आहे. फुकट देणाऱ्याचे नावसुद्धा न घेणे ही काटकसर नव्हे, कृतघ्नता होय.

दुसरा प्रकार जीपीएलचा. हे शेजाऱ्याने दिलेले खमीर आहे. पिठात मिसळले की ते सगळ्या पिठाला लागते, मग वेगळे काढता येत नाही. शेजाऱ्याची अट अशी की या खमिराने फुगवलेल्या पिठाचे पाव ज्याला द्याल, त्याला याच अटींवर पाककृतीही द्या. म्हणजे जीपीएलचा घटक आपल्या प्रोग्रॅममध्ये एकजीव केला आणि तो प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला दिला, की संपूर्ण प्रोग्रॅमचा सोर्स कोड त्याच परवान्याखाली देणे आले. घरच्या घरी पाव करून खाल्ले तर ही अट लागू होत नाही. दुसऱ्याला दिले की लागू होते. याचाच एक भाऊ एजीपीएल. त्याचा घटक आपण सुधारून घेतला आणि प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाती न देता नुसता इंटरनेटवरून वापरायला दिला, तरी सोर्स कोड द्यावा लागतो.

तिसरा प्रकार एलजीपीएलचा. ही टेबलावर पावाशेजारी ठेवलेली मस्क्याची वाटी. तुमचा पाव तुमचा. पण वाटी वेगळी राहिली पाहिजे, गिऱ्हाइकाला हवी तर ती बदलून दुसरी ठेवता आली पाहिजे आणि मस्क्यात तुम्ही काही बदल केला असेल तर तो उघड केला पाहिजे.

चौथा प्रकार फसवा आहे. "फुकट" असे मोठ्या अक्षरात आणि "फक्त खाजगी वापरासाठी" असे बारीक अक्षरात. हा मुक्त स्रोत नव्हेच. धंद्यात वापरला की परवाना मोडला.

आणि पाचवा प्रकार म्हणजे ज्यावर काहीच लिहिलेले नाही तो माल. आमचे तरुण समजतात, अट लिहिली नाही म्हणजे मोकळीक आहे. कायदा याच्या नेमका उलट आहे. कॉपीराइट नोंदणी न करताही, लिहिल्याक्षणी लेखकाला मिळतो. परवाना दिलेला नाही, याचा अर्थ परवानगी दिलेली नाही.

येथे एक बारकावा आहे, तो मुद्दाम सांगतो. एकाच टोपलीत पाव, खारी आणि बिस्किटे ठेवली म्हणून ती एका पिठाची होत नाहीत. एकाच डिस्कवर तुमचा प्रोग्रॅम आणि शेजारी जीपीएलचा स्वतंत्र प्रोग्रॅम ठेवून दिला, तर केवळ शेजारपणामुळे तुमच्या प्रोग्रॅमला जीपीएल लागू होत नाही. त्या शेजाऱ्याचे कागद आणि सोर्स कोड तेवढे द्यावे लागतात. टोपली एक की पीठ एक, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मालाबद्दल विचारायचा आहे. शिवाय दोन घटक स्वतंत्रपणे चांगले असूनही एकत्र नांदत नाहीत, असेही घडते. अपाची परवान्याची दुसरी आवृत्ती आणि जीपीएलची दुसरी आवृत्ती यांचे जमत नाही, असे जीपीएल लिहिणाऱ्या संस्थेचेच म्हणणे आहे. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी मात्र जमते.

अक्षरांचा हिशेब

छपाई, पत्रिका, फलक आणि स्टिकर यांच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्यासाठी या प्रश्नाचा सर्वांत जवळचा भाग म्हणजे अक्षरे, अर्थात फॉन्ट. फॉन्ट हादेखील संगणकाच्या दृष्टीने एक घटकच आहे आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

विंडोजबरोबर मंगल हा देवनागरी फॉन्ट येतो. तो आपल्या महाराष्ट्राचे नामवंत अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. विंडोज विकत घेणाऱ्याने त्यात पत्र लिहावे, बिल छापावे, काही अडचण नाही. परंतु ती फाइल उचलून आपल्या सॉफ्टवेअरबरोबर गिऱ्हाइकाला देणे ही वेगळी गोष्ट आहे. तिची परवानगी विंडोजच्या खरेदीत मिळत नाही. शिरगावच्या मुलाने नेमके हेच केले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

आता याच्या शेजारी लोहितची हकीकत ठेवा. रेड हॅट या कंपनीने भारतीय लिप्यांसाठी लोहित नावाचे फॉन्ट खुले केले. या कंपनीचे पुण्यात कार्यालय आहे आणि लोहितच्या कामात तेथील मंडळींचा मोठा वाटा राहिला. आरंभी हे फॉन्ट जीपीएलखाली होते. मग प्रश्न निघाला की जीपीएलचा फॉन्ट एखाद्या कागदपत्रात किंवा प्रोग्रॅममध्ये घातला, तर तो कागद किंवा प्रोग्रॅमही जीपीएलचा होतो काय? प्रोग्रॅमसाठी शिवलेला अंगरखा अक्षरांना नीट बसत नव्हता. म्हणून त्यास अपवादाची पुरवणी जोडावी लागत असे. अखेर २०११ साली लोहितचा परवाना बदलून एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स करण्यात आला. बुद्धिमान, प्रामाणिक आणि वकिलांची फौज असलेल्या लोकांनाही परवाना पारखून बदलावा लागला. मग आपल्यासारख्यांनी तो वाचूच नये, असे कसे चालेल?

हा ओपन फॉन्ट लायसन्स आपल्या धंद्याला फार सोयीचा आहे. त्याखालचा फॉन्ट कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर, विकाऊ सॉफ्टवेअरबरोबरसुद्धा, देता येतो. त्यात छापलेल्या पत्रिकेवर किंवा पुस्तकावर कसलीही अट लागत नाही. बंधने थोडी आहेत: फॉन्ट एकटाच विकायचा नाही, परवान्याचा कागद बरोबर ठेवायचा, आणि फॉन्टमध्ये बदल केला तर तो याच परवान्याखाली ठेवायचा व मूळ कर्त्याने राखलेले नाव त्याला द्यायचे नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता, तसेच नोटो या मालिकेतले देवनागरी फॉन्ट याच परवान्याखाली मिळतात.

उर्दूची बाजू अधिक नाजूक आहे. नस्तालीक हे खत संगणकावर आणणे किती कष्टाचे, हे कातिबांच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहिल्या, तेव्हा १९८१ च्या सुमारास नूरी नस्तालीक छपाईयंत्रावर उतरले. एका माणसाच्या बोटांची ती कमाई. पुढे नस्तालीकच्या नकला हातोहात पसरल्या आणि कोणती फाइल कुणाच्या हक्काची, हे विचारायची सवयच राहिली नाही. आज नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली रीतसर मिळतो. त्याचे वळण कुणाला नूरीइतके गोड वाटणार नाही, हे आम्हास मान्य आहे. पण वळण गोड आहे म्हणून हक्क उत्पन्न होत नाही.

"शिरगावात कोण बघायला येतो?"

हा प्रश्न आम्हास हमखास विचारला जाईल. त्याचे उत्तर तीन उदाहरणांनी देतो.

दक्षिण कोरियात हॅन्कॉम नावाची कंपनी आहे. कोरियन भाषेत लिहिण्याचे तिचे सॉफ्टवेअर त्या देशात घरोघरी चालते. आपल्याकडे मराठी-उर्दू प्रोग्रॅम करणाऱ्यांचाच हा मोठा भाऊ म्हणा. त्यांनी पीडीएफसाठी घोस्टस्क्रिप्ट हा घटक आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळला. घोस्टस्क्रिप्टच्या मालकांचा व्यवहार सरळ होता: एक तर मुक्त परवान्याच्या अटी पाळा, नाही तर पैसे भरून व्यापारी परवाना घ्या. हॅन्कॉमने दोन्हीपैकी काहीच केले नाही, असा आरोप ठेवून २०१६ च्या अखेरीस अमेरिकेत दावा लागला. जीपीएल हा काही करार नव्हे, तेव्हा दावा फेटाळा, असे हॅन्कॉमचे म्हणणे होते. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि दावा पुढे चालू ठेवला. त्याच वर्षी उभयतांनी तडजोड केली.

दुसरे उदाहरण २००७ चे. बिझीबॉक्स हा लहानसा घटक असंख्य उपकरणांत असतो. तो वापरून सोर्स कोड न देणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. महिनाभरात तडजोड झाली. कंपनीला सोर्स कोड प्रसिद्ध करणे, पैसे भरणे आणि परवान्यांकडे लक्ष देणारा माणूस नेमणे कबूल करावे लागले.

तिसरे उदाहरण तर खेळण्यातल्या आगगाड्यांचे आहे. हौशी मंडळींनी त्या गाड्या चालवण्यासाठी केलेले सॉफ्टवेअर एकाने घेतले आणि मूळ कर्त्यांची नावे व सूचना न ठेवता आपल्या मालात घातले. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की मुक्त परवान्यातल्या अटी या खऱ्या अटी आहेत. पैसे मागितले नाहीत म्हणून त्या पोकळ ठरत नाहीत.

हे सर्व परदेशातले, असे कुणी म्हणेल. मग आपल्या देशाचा कायदा पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षित आहे. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम ६३ ब तर वापरणाऱ्यालाही लागू आहे: विनापरवाना प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि तेवढाच दंड. धंद्याच्या फायद्यासाठी केले नसल्यास न्यायालय सौम्य होऊ शकते. पण आपण तर धंदाच करतो.

तथापि आम्हास पोलिसांची भीती घालायची नाही. खरी गोष्ट अशी आहे की शिरगावात तपासायला कुणी आले नव्हते. मोठे गिऱ्हाईक आले होते. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या आपल्या वर्कशॉपवाल्यांना हे नवीन नाही. लोखंड कुठले, त्याचे टेस्ट सर्टिफिकेट कुठे, हे विचारल्याशिवाय कोणी माल उतरवून घेतो काय? आता सॉफ्टवेअरलाही तोच नियम लागू होत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या एका फुकट घटकात दोष सापडला, तेव्हा आपल्या प्रोग्रॅममध्ये तो आहे की नाही हेच जगातल्या कित्येक कंपन्यांना सांगता येईना. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडून घटकांची यादी मागण्याचा हुकूम काढला. आपल्या देशात सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २०२४ साली अशा यादीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे यादी नसलेला माल उद्या फक्त लहान दुकानातच खपेल. मोठे दार बंद होईल आणि ते आपणच बंद केलेले असेल.

करून घेणाऱ्यांनीही कागद पाहावा

आतापर्यंत बनवणाऱ्यांविषयी लिहिले. करून घेणाऱ्या दुकानदारांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण एखाद्या मुलाला पैसे देऊन प्रोग्रॅम करून घेतो आणि समजतो की तो आपला झाला. कायदा तसे म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीत केलेले काम मालकाचे असते. परंतु बाहेरच्या कारागिराने करून दिलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट, उलट करार नसल्यास, त्या कारागिराचाच राहतो. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतात. आणि कारागीर तरी आपल्या स्वतःच्या कामाचाच हक्क देऊ शकतो. त्यात मिसळलेल्या दुसऱ्यांच्या घटकांचा नव्हे. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला लहानपणापासून आहे. जमीन, उधारी आणि भागीदारीत आपण ती पाळतो. सॉफ्टवेअरमध्येच ती का विसरतो?

काय करावे?

उपाय अवघड नाहीत. पहिला: घटक आणला त्याच दिवशी वहीत लिहावा. नाव, आवृत्ती, कोठून आणला, परवाना कोणता, आणि आपण त्यात काही बदल केला काय, अशा पाच रकान्यांचे काम. परवान्याचा मजकूर त्याच फाइलीत जपून ठेवावा. दुसरा: परवाना सापडत नसेल तर घटक वापरू नये, कर्त्याला पत्र लिहून विचारावे. तिसरा: आपला प्रोग्रॅम बंद ठेवायचा असेल तर जीपीएलचे खमीर पिठात घालू नये, पर्याय शोधावा किंवा व्यापारी परवाना विकत घ्यावा. हिशेब साठवणारा एसक्यूलाइट तर कर्त्यांनी सर्वांना खुला करून टाकलेला आहे. असे निर्धास्त घटक पुष्कळ आहेत. चौथा: प्रोग्रॅममध्ये "आभार व परवाने" असे एक पान ठेवावे. त्याने आपली प्रतिष्ठा कमी होत नाही, वाढते.

आमची एक तक्रारही आहे. संगणकाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. पण फुकट घटक कोठून उचलावा हे शिकवणारे कितीतरी, त्यावरचा कागद कसा वाचावा हे शिकवणारा क्वचितच. कागद सगळे इंग्रजीत, तेही वकिली इंग्रजीत. तालुक्याच्या व्यापारी संघटनांनी आणि आपल्या शिक्षणसंस्थांनी एखादा जाणकार वकील बोलावून मराठीत एक नमुना करारनामा आणि परवान्यांचा एक तक्ता तयार करून घ्यावा. खर्च एका छोट्या मेळाव्याइतकाही येणार नाही.

राहता राहिला शिरगावचा मुलगा. मंगलची फाइल काढून त्याने मुक्ता बसवला आहे, उर्दूसाठी नोटो नस्तालीक घेतला आहे. पीडीएफचा घटक बदलण्याचे काम चालू आहे. पण त्याचा खरा प्रश्न निराळा होता. ज्या तीस दुकानांना जुना प्रोग्रॅम दिला, त्यांचे काय? त्यांना सोर्स कोडविषयी कळवले तर उद्या एखादा दुसरा मुलगा तोच प्रोग्रॅम घेऊन शेजारी दुकान थाटेल. न कळवले तर कुणाला कळणारही नाही.

आम्ही त्याला सांगितले ते येथेही सांगतो. कळव. एक तर परवान्यातच परतीची वाट ठेवलेली आहे: जीपीएल आणि एजीपीएल यांच्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे चूक थांबवली, आणि मालकाची पहिलीच नोटीस असेल तर ती मिळाल्यापासून तीस दिवसांत सुधारली, तर गेलेला हक्क पुन्हा मिळतो. जुनी दुसरी आवृत्ती मात्र इतकी उदार नाही. दुसरे असे की ती दुकाने तुझ्याकडे सोर्स कोडसाठी आली नव्हती. रात्री साडेनऊला बिल अडले तर तू मोटारसायकल काढून कामशेतला जातोस, यासाठी ती तुझी आहेत. ते कुणाला उतरवून घेता येत नाही. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: त्या घटकाच्या कर्त्याने गिऱ्हाइकासाठी ठेवलेली वस्तू तुझ्या हातून पुढे जायची होती. ती अमानत होती. मधल्या माणसाने ती स्वतःजवळ ठेवायची नसते.

तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने वही काढून दुकानांची यादी लिहायला घेतली. आम्ही निघालो तेव्हा बारावे नाव चालू होते.